तांदळाच्या डब्यातली लेन्स

५ ऑगस्ट, सोमवार

आज आळंदला स्टुडिओत कामाला लागले. मादन हिप्परग्याहून सकाळच्या बसला खिडकीची जागा गावली. प्रभुलिंग अण्णांचा स्टुडिओ बसस्टँडच्या मागं हाय, खाली खताचं दुकान, वर आमचं. हळदीत बायकांच्या मधी गडीमाणूस शिरलेला लोकांना चालत न्हाई म्हणून अण्णांना पोरगी पाहिजे होती. आमची पंची लई बोलत न्हाई असं माय म्हणाली, तर अण्णा म्हणाले बरंच हाय की, व्हिडिओत हिचा आवाज तरी येणार न्हाई. मला हसू आलं. नववीत वाचायला उभं केलं की मी परत खाली बसायचे, त्यातच शाळा सुटली. हितं कॅमेऱ्याच्या मागं उभं राहायचं, समोरचा माझ्याकडं बघतच न्हाई. लई बरं वाटायलंय. रोज काय शिकलीस ते लिही म्हणून अण्णांनी ही वही दिली.

७ ऑगस्ट, बुधवार

नवीन कॅमेरा घ्यायचं चाललंय. मिररलेस म्हणजे आत आरसा न्हाई. जुन्यात व्हिडिओ चालू केला की डोळा लावायच्या भोकात काळं व्हायचं, मागच्या पडद्यावर बघावं लागायचं, अन उन्हात पडद्यावर घंटा दिसत न्हाई. ह्यात भोकातून जसं दिसतंय तसंच निघतंय. कलबुर्गीचा दुकानदार दोन ठेवून गेला बघायला. लहाना हलका हाय, पण अर्ध्या तासात तापून बंद पडला. अण्णा म्हणाले, अर्ध्या तासात हळद उरकली असती तर देवच पावला म्हणायचं. मोठा जड हाय, पण हात हलला तरी चित्र हलत न्हाई, अन कार्डं दोन बसतात. कोणता घ्यावा म्हणून अण्णांनी मला विचारलं. मला असं कुणी कधी विचारलं न्हवतं. मी मोठ्याकडं बोट केलं. त्योच घेतला.

एक ध्यानात ठेवायचं. आरसा न्हाई म्हणून लेन्स काढली की आतला सेन्सर उघडाच पडतोय, म्हशीच्या डोळ्यावानी निळसर. तोंड खाली धरून लेन्स बदलायची. फुंकायचं न्हाई, थुंकी उडती.

११ ऑगस्ट, रविवार

राजेश्वर गावच्या किशनरावांनी स्टुडिओ बंद केला, त्यांच्या जुन्या लेन्सांची पेटी अण्णांनी आणली. मधी एक रिंग लावली की जुनी लेन्स बी नव्या कॅमेऱ्याला बसती. गावात बारसं होतं म्हणून कॅमेरा अन पेटी घरी आणली. व्हिडिओला चांगली कोणती ते बघून ये म्हणाले.

माझ्या थोरल्या बहिणीला, प्रेरणा अक्काला, खिडकीजवळ बसवून एकेक लावून बघितली. कॅमेऱ्यासंगं आलेली झूम मांडवात अंधारी पडती. दुसरी लई धारदार, अक्काच्या तोंडावरचे कांजिण्यांचे वण एकेक मोजून घ्यावेत असे दिसले. अक्का लगेच पदर आडवा घेऊन बसली. मागच्या वर्षी बघायला आलेल्या बाईनं तोंड हाय का किसणी असं म्हटलं होतं, ते तिच्या मनातून जात न्हाई.

मग पेटीच्या तळातली जुनी लोखंडी पन्नास एमएमची लेन्स लावली. वण गेले. सगळं तोंड दुधात भिजल्यावानी उजळ. अक्का पडद्याकडं बघत बसली अन म्हणाली, पंचे, ह्यात मी कुणाची तरी बायको दिसायलेय.

हीच ठेवायची ठरवलं. लेन्सला ओल्या पोत्याचा वास येतोय तेवढा, अन फिरवायच्या कड्याचं रबर चिकट हाय, किती जणांचा घाम मुरलाय कुणास ठाऊक.

१४ ऑगस्ट, बुधवार

अक्काचा व्हिडिओ सोलापूरच्या स्थळाला, विलासच्या घरी, पाठवला होता. पसंत पडली. १ सप्टेंबरला साखरपुडा. माय रडली अन हसली.

अण्णांनी मोबाइलची बत्ती लेन्सच्या मागून मारून दाखवली. आत पांढरे धागे, शिळ्या भाकरीवर येते तसली बुरशी, काचेच्या मधोमध झाडासारखी फुटलेली. त्यानंच चित्र दुधाळ येतंय म्हणाले. किळस आली, चार दिवस मी त्याला डोळा लावायलेय. एका लेन्सची दुसरीला लागती, म्हणून येगळी ठेवायची. ऊन दाखवायचं तर आठवडा झाला सूर्य न्हाई. स्टुडिओ गळायलाय. अण्णा म्हणाले घरी तांदळाच्या डब्यात पुरून ठेव, तांदूळ ओल वढून घेतंय.

१८ ऑगस्ट, रविवार



दुपारी वरण भात होता. भात चिकट, घास उचलला की तार सुटत होती, पाकासारखी. माय म्हणाली नवा तांदूळ असंल. माय अन मी दोन-दोन घास खाऊन ठेवलं, आंबूस लागला. अक्का उपाशी होती, तिनं ताट भरून खाल्लं, वरून खरवड बी.

मग फळीवर लेन्स दिसली. अक्कानं डबा रिकामा करून तोच तांदूळ शिजवला होता. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, चार मुठी चांगला तांदूळ काचेला कामून घालावा, माणसानं खावा की.

मी परसात जाऊन घशात बोट घातलं. काय आलं न्हाई. अक्का हसायली.

बत्ती मारून बघितली. लेन्स लख्ख हाय. आत एक धागा न्हाई.

२२ ऑगस्ट, गुरुवार

अक्काचे डोळे चिकटायलेत. सकाळी कोमट पाण्यानं सोडवावे लागतात. पू न्हाई, पांढरं हाय, सुतासारखं. डॉक्टरनं डोळे आलेत म्हणून थेंब दिले.

मी कॅमेरा लावून चित्र दहापट मोठं करून बघितलं, फोकस बघताना करतात तसं. बुबुळावर बारीक झाड फुटलंय. ती श्वास घेतीय तशी फांद्या हलायल्यात. मी डोळा बाजूला घेतला तर कॅमेऱ्याच्या भोकाच्या रबराला ओलं काहीतरी लागलेलं.

ते माझ्या डोळ्याचं होतं.

२५ ऑगस्ट, रविवार

राजेश्वरला फोन केला. फोनवर बोलायचं मला जमत न्हाई, तरी केला. किशनरावांच्या बायकोनं, राजूबाईनं उचलला. लेन्सचं सांगितलं तर तिला नवल वाटलं न्हाई. म्हणाली, बाई, मी दोनदा उकिरड्यावर टाकली की ती. ह्योच उचलून आणायचा, चित्र लई ग्वाड येतंय म्हणायचा. आता भिंतीकडं तोंड करून बसलाय. भातच मागतोय. मी विचारलं डोळे कसे हायत. ती म्हणाली, कोणते डोळे.

२८ ऑगस्ट, बुधवार

अक्काचे वण भरून आलेत.

शेजारणी येऊन बघायल्यात, मुखडा कसा खुललाय, साखरपुड्याचं तेज हाय म्हणतात. मी झोपलेल्या अक्काच्या गालाला हात लावला. मऊ. दुधावरच्या सायीवानी बोट आत गेलं. काढलं तर ओलं, वास ओल्या पोत्याचा. खड्डा झाला होता, माझ्या डोळ्यासमोर भरून आला.

तिला सांगितलं. सगळं सांगितलं. तिला ठाऊक हाय. म्हणाली रविवार होऊ दे, मग दवाखान्यात चल, काय काढायचं ते काढू. आता तोंडाला हात लावू नको. हात जोडले तिनं मला.

मायला सांगावं तर लग्न मोडलं म्हणून ती —

३० ऑगस्ट

अक्का तीन येळा भात खायलीय. चावत न्हाई. तोंडात ठेवती, गाल आतून हलतेत —

लेन्स फोडली मी. दगडानं. नुसती काच निघाली, कोरडी, साफ. अण्णांना काय सांगू.

माझ्या उजव्या डोळ्यात सगळं उजळ दिसायलंय. सगळे लोक गोरे. कुणाच्या तोंडावर डाग न्हाई. किळसवाणं चांगलं दिसायलंय.

३१ ऑगस्ट

अक्काला दिसंना झालंय. कुणाला सांगू नको म्हणती. हात धरून न्हेऊन बसव, मी हसत राहीन म्हणती.

माय पेढे वळायली —

१ सप्टेंबर, दुपार

पाव्हणे आले. अंगणात खुर्च्या टाकल्यात. आम्ही दोघी आतल्या खोलीत, कडी लावून.

अक्का म्हणाली एकदा तरी विलासला बघू दे. डोळ्यातलं तेवढं काढ. तोंडावरचं राहू दे.

चिमटा घेतला. कोपऱ्यात टोक दिसत होतं. धरलं. वीतभर आलं, ओलं, कोमट. तुटंना. अजून आलं. हातभर. भाताचा वास. अक्का वरडली न्हाई, वढ म्हणाली.

थांबले. हात पुसून हे लिहायलेय, कुणाला तरी कळावं म्हणून, मला तोंडानं सांगता येणार न्हाई.

बाहेरून विलासची आई विचारायलीय, पोरगी तयार हाय का. अक्का हितून व्हय म्हणाली.

धागा माझ्या डाव्या हातात हाय. अक्का वढ म्हणायलीय. वढलं की तिला दुखंना, पण माझ्या उजव्या डोळ्याच्या मागं काहीतरी सुटायलंय, आत सरकायलंय, तिच्याकडं —

पुन्हा वढते. हळू. दिसायलंय अजून. अक्काचं तोंड लई उजळ, अन डोळ्यापासून माझ्या हातापर्यंत, अन हातापासून माझ्या