सांधा मातीच्या वर

४ जुलै
खालच्या तुकड्यातले टोमॅटो गेले. सगळे! नाल्याचं पाणी वाफ्यात नुसतं बसून राहिलं. पानं देठापासून वाकलेली – मान खाली घालून बोलणी खाल्ल्यासारखी. शेजारी कुंपणावरून ओरडला, "अहो, झाडं सुकलीत, पाणी द्या की!" घोटाभर पाण्यात उभ्या झाडाला पाणी द्या म्हणे. पण दिसतं तसंच, त्यात त्याचा दोष नाही. मुळांना हवा मिळेनाशी झाली की ती पाणी ओढायचंच सोडतात. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मुळं उपटून, धुऊन, नाकाशी धरून शिकलो.

एका झाडाने पाण्याच्या अगदी रेषेवर खोडातून पांढरी नवी मुळं काढली होती. शहाणं पोर. पण उशीर केला.

ही असती तर म्हणाली असती, "प्रोफेसर, व्याख्यान आवरा, जेवायला चला." दहावी नापास माणसाला प्रोफेसर! हिवाळ्यात ही गेली. तेव्हापासून मला कुणी चिडवलेलं नाही.

५ जुलै
बांधालगतची वांगी त्याच पाण्यात होती. ठणठणीत! वांग्याची मुळं पाणी सोसतात. मग वांग्याच्या मुळावर टोमॅटोचा शेंडा का नाही? दोघं एकाच कुळातले. करून बघायचं. ट्रेमध्ये रोपं आहेतच.

२० जुलै
कलमं बांधली. मुलगी मदतीला बसली.

मुलगी हिची, पहिल्या घरची. आली तेव्हा काका म्हणायला मोठी होती आणि बाबा म्हणायला तिचा बाबा होता, फोटोत का होईना. म्हणून मला आजवर हाक अशी नाहीच. "ऐका ना." झालं. मी ऐकतो.

चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, हात स्थिर आहे. वांग्याच्या रोपाचा शेंडा तिरका छाटायचा, टोमॅटोचं बूड तसंच तिरकं छाटायचं, काप कापाला भिडवायचा आणि वर रबरी क्लिप. केसभर फट राहिली तर गेलं. मी चार छाटून दाखवले. तिने उजेडात धरले.

"ऐका ना, हा काप तिरका नाहीये, तिरसट आहे."

"माझ्यावर गेलाय," मी म्हणालो.

हसली! या घरात हसू आलं. बाकीचे काप तिलाच करू दिले. माझ्यापेक्षा सरस झाले – इथे लिहितो, तिला सांगायचं नाही.

२१ जुलै
रोपं अंधाऱ्या पेटीत, आत दमट. सांधा धरेपर्यंत उघडायची नाही.

उघडली.

२३ जुलै
तिच्या आत्याचा फोन. मोबाईल ओट्यावर, स्पीकर चालू, तिचे हात कणकेत. "खोली रिकामी केलीय तुझ्यासाठी. तिकडे आता कोण आहे तुझं? आई होती तोवर ठीक होतं. रक्ताच्या माणसांत ये गं."

मुलगी म्हणाली, "कळवते."

मी उठलो आणि छाटणीच्या सुऱ्या पुसल्या. स्वच्छच होत्या.

आत्याबाईंचं काय चुकलं? रक्त ते रक्त. मी कोण राहा म्हणणारा? तोंड उघडायचं नाही. तिने जायचं ठरवलं तर टेम्पो मी सांगेन, सामान मी बांधेन. तिला बांधता येत नाही नीट.

२ ऑगस्ट
बहुतेक कलमं जगली! सांध्यापाशी बारीक गाठ, वर हिरवा टवटवीत शेंडा. आज खालच्या तुकड्यात लावली. आणि तिथे माती खाल्ली.

टोमॅटो खोल लावायचा हा माझाच नियम. खोडाला मातीत मुळं फुटतात, झाड जोर धरतं. येईल त्याला ठणकावून सांगत आलोय. हाताला सवय, कलमंही लावली मानेपर्यंत. अर्धी ओळ झाली असेल, मुलगी चहा घेऊन आली. उभी राहून बघत राहिली.

"ऐका ना… सांधा मातीखाली गेला की टोमॅटो स्वतःची मुळं काढेल ना?"

"काढेल की! त्यासाठीच तर –"

टोमॅटोची मुळं आली की तीच पाण्यात कुजणार. मग वांगं खाली ठेवलंय कशाला, शोभेला?

"चहा गार होतोय," एवढंच म्हणाली. दोघांनी मिळून सगळी ओळ उकरली. सांधा मातीच्या वर, बोटभर. वाकून वाकून तीही माझ्यासारखीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हे कुठून शिकली?

१४ ऑगस्ट
नाला फुगला. तुकड्यात पाणी.

१६ ऑगस्ट
पाणी उभंच. आत्याबद्दल ती काही बोलत नाही. मी विचारत नाही. चपातीला तूप जास्त लावलं तर म्हणाली, "मी काय परीक्षेला चाललेय का?"

१९ ऑगस्ट
पाणी ओसरलं. चिखलात उतरून एकेक झाड बघितलं. ताडून बघायला साधे टोमॅटो लावले होते, ते आडवे. कलमं उभी! खालची पानं थोडी पिवळी, एवढंच. एक उपटून बघितलं, वांग्याची मुळं पांढरी, वास मातीचा. माझ्या डोळ्यांत चिखल गेला. चिखलच होता.

तिला दुकानात फोन केला. मागे कुणाचा तरी आवाज, "कोण गं?" ती म्हणाली, "घरून आहे."

२७ ऑगस्ट
क्लिपा गळायला लागल्या. खोड जाड झालं की क्लिप आपोआप उघडून पडते, काढावी लागत नाही. मुलीने एक उचलली, चिखल पुसला, बोटावर चढवली.

"आई अशी होती ना. आपल्या दोघांमध्ये."

मी खोडावरून अंगठा फिरवला. "सांधा दिसतोय बरा," म्हणालो.

"बरा म्हणजे? कुणी कापलाय!"

३१ ऑगस्ट
आत्याबाईंचा फोन, थेट मला. टेम्पो कधीचा सांगू, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कसला टेम्पो? तिने तर जुलैतच नाही म्हणून कळवलं. तुम्हाला बोलली नाही?"

संध्याकाळी तिला विचारलं. चष्मा पुसत म्हणाली, "तुम्ही कधी राहा म्हणताय ते बघत होते, प्रोफेसर."

म्हटलं, राहा.