धाकटीची खुशाली

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

आपल्या एकुलत्या एका (आणि आपल्या मते तेवढाही जास्तच झालेल्या) जावयाचा अर्धवट वाकून नमस्कार. पूर्ण वाकता येत नाही, कारण कंबर धरली आहे. ती का धरली हे पुढे येईलच. आपला गुडघा आता कसा आहे? मेहुण्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, चार मजले चढावे लागतात, म्हणून आपल्या कन्येला काळजी वाटते. मला वाटत नाही. आपण त्या पायऱ्या एव्हाना पट्टीने मोजल्या असतील आणि उंची सारखी नाही म्हणून बांधणाऱ्याला पत्रही गेलं असेल. कामात गुंतलेल्या माणसाचा गुडघा दुखत नाही.

इकडे सगळे ठीक. आपली कन्या ठीक, माझं चष्म्याचं दुकान ठीक, आणि धाकटीही ठीक. मात्र धाकटीच्या बाबतीत ‘ठीक’ हा शब्द जरा सैल अर्थाने घ्यावा लागेल, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

नऊ वर्षांपूर्वी वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यावर आपण घरी पाव भाजायला लागलात, आणि त्यासाठी पीठपाणी आंबवून जे खमीर तयार केलंत त्याला लाडाने ‘धाकटी’ म्हणता, हे मला ठाऊक होतं. पण मेहुण्यांकडे जाताना ती बरणी आपण माझ्या हातात ठेवलीत, तेव्हा ती नात्याने माझी मेहुणी लागते आणि दोन महिने माझ्याच घरी राहणार आहे, हे एकदम अंगावर आलं. सोबत दोन पानी सूचना. रोज संध्याकाळी सातला पन्नास ग्रॅम पीठ, पन्नास ग्रॅम पाणी. पाणी ‘तान्ह्या बाळाच्या अंघोळीइतकं’ कोमट. (आपण कुठल्याही तान्ह्या बाळाला अंघोळ घातल्याची घरात नोंद नाही, असं सासूबाई सांगत असत. असो.) थट्टा सोडून सांगतो मामा, लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि एवढ्या काळात आपण माझ्या हातात विश्वासाने काही दिलंत असं हे पहिलंच. कन्या दिलीत, पण तिने आधीच ठरवून टाकलं होतं, तेव्हा ते मी धरत नाही.

आता मूळ प्रसंग. गेल्या महिन्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. आपली कन्या जन्माची शाकाहारी आणि मी तिच्यादेखत शाकाहारी, म्हणून कोपऱ्यावर नवीन निघालेल्या शाकाहारी हॉटेलात जायचं ठरलं. टेबल मिळालं ते नेमकं पावणेसातचं. म्हणजे सात वाजता बायकोला जेवू घालायचं की मेहुणीला, असा पेच. मी तोड काढली. बरणी, पिठाची पुडी, पाण्याची बाटली आणि दुकानातला छोटा वजनकाटा कापडी पिशवीत घातला आणि निघालो. पिशवीत काय आहे असं आपल्या कन्येने विचारलं नाही. मी भेट आणली असावी अशी तिची गोड समजूत झाली होती.

त्या हॉटेलात भाजीला भाजी म्हणत नाहीत. यादीत प्रत्येक पदार्थाचं चरित्र छापलेलं. ‘डोंगरउतारावर वाढलेलं, मंद निखाऱ्यांवर विसावलेलं गाजर.’ आम्ही ते मागवलं. गाजर आलं. एकच. परातीएवढ्या थाळीत, अगदी कडेला, घरच्यांशी भांडून बाहेर पडल्यासारखं. वाढप्याने (भारदस्त मिशांचा माणूस, आवाज मात्र दवाखान्यातला) हलकेच सांगितलं की कोबीसुद्धा येतोय, पण त्याला घाई करता येत नाही. सोबत पाव होता, तो इतका चपटा की मी आधी त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवला. तेवढ्यात सात वाजले. मी पिशवी मांडीवर घेतली, टेबलाखाली वाकलो आणि काट्यावर पीठ मोजायला लागलो.

“खाली काय चाललंय तुझं?”

“काही नाही.”

“पिशवीत काय आहे?”

“तुझी बहीण,” मी म्हणालो.

यानंतर आपल्या कन्येने कोबी येईपर्यंत माझ्याशी बोलणं बंद ठेवलं. आणि कोबीला, आधी सांगितल्याप्रमाणे, घाई नव्हती.

चूक एकच झाली. आमचं टेबल भट्टीच्या भिंतीला लागून होतं. भिंत गरम, धाकटी नुकती जेवलेली, आणि मी झाकण घट्ट लावून बरणी भिंतीशी टेकवून ठेवलेली. वीस मिनिटांत ‘फट्’ असा आवाज झाला, झाकण पलीकडच्या फुलदाणीत पडलं आणि धाकटी बरणीतून वर आली. वर आली, बाहेर आली, टेबलक्लॉथवरून सावकाश गाजराच्या दिशेने निघाली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ कौतुकाने बघत होते. त्यांनी वाढप्याला बोलावून विचारलं, हे यादीत कुठे आहे?

आरडाओरडा ऐकून आतून मुख्य आचारीणबाई आल्या. उंच्यापुऱ्या, कोपरापर्यंत पीठ, चेहऱ्यावर आता कोणाला तरी बदडायचंच असा भाव. मी उठून उभा राहिलो. बाईंनी टेबलावरच्या लोंढ्यात बोट बुडवलं, वास घेतला, बोट चाखलं, आणि एकदम खुर्ची ओढून आमच्याच टेबलावर बसल्या. त्यांचं स्वतःचं खमीर आठ दिवसांपूर्वी नासलं होतं, तेव्हापासून पाव फुगत नव्हता आणि मालक रोज टोमणे मारत होता. “किती वर्षांचं आहे?” त्यांनी विचारलं. “नऊ,” मी म्हणालो, “सासऱ्यांचं आहे.” त्यांनी थोडं मागितलं. मामा, त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं हो, नाही म्हणवलं नाही. बाई बरणी घेऊन आत गेल्या. बऱ्याच वेळाने मी दारातून डोकावलो, तर बरणी कणकेच्या मोठ्या टोपात उपडी, आणि बाई तिच्या बुडावर चापट्या मारताहेत.

“अहो, थोडं मागितलं होतंत तुम्ही!”

“होतंच थोडं,” बाई म्हणाल्या. “उद्या दुपारी या, दुप्पट घेऊन जा.”

घरी येताना पिशवीत नुसता वजनकाटा. आपण परत याल, बरणी मागाल, आणि मी हातात काय ठेवू, या विचाराने मला घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून गेलो. दारावर पाटी लागली होती, ‘नऊ वर्षांच्या खमिराचा पाव’, आणि खाली रांग. बाईंनी मला मागच्या दाराने आत घेतलं, पण बरणी देण्याआधी कणकेसमोर उभं केलं. त्यांच्या स्वयंपाकघरात मागायला आलेल्याने आधी मळायचं असा दंडक आहे म्हणे. पाऊण तास मळलं. (कंबर ती ही.) बाई बघत होत्या. म्हणाल्या, “पिठाला घाबरता कशाला, ती काय काच आहे फुटायला?” मग घडी कशी घालायची, कधी थांबायचं, बोट दाबल्यावर पीठ किती सावकाश वर यायला हवं, ते दाखवलं. मी त्याच्या दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. बरणी पहिल्याच दिवशी मिळाली होती, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

पुढच्या रविवारी घरी पाव केला. पहिला आतून माती, दुसरा बाहेरून कोळसा. तिसरा मात्र फुगला मामा! ओव्हनमधून काढल्यावर त्याचं कवच बारीक तडतडत होतं. आपली कन्या आली, उभ्याउभ्याच एक काप खाल्ला, मग दुसरा कापला, आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खात राहिली. “बाबांसारखा झालाय,” एवढंच म्हणाली. चौदा वर्षांत मला इतकं मोठं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं. त्यात तुलना आपल्याशी होती, तरीही राग आला नाही, यावरून काय ते ओळखावं.

तर धाकटी अशी ठीक आहे. मेहुण्यांना नमस्कार, मुलांना पापा. गुडघ्याला जपावं.

आपला आज्ञाधारक (या खेपेपुरता)
जावई

ता. क. : वर सगळं खरं लिहिलं आहे, एक गोष्ट सोडून. आपण गेल्यावर तिसऱ्याच दिवशी धाकटी गेली. सकाळी बघतो तर बुडबुडा नाही, वास नाही, पुस्तकं चिकटवायच्या खळीसारखी निपचित. पाणी माझ्याकडून जास्त कोमट पडलं असणार. मी गुपचूप नवं पीठपाणी कालवलं आणि बाळंतिणीसारखं जपलं. हॉटेलात जी उतू गेली ती सव्वीस दिवसांची होती, आणि पाटीवरची नऊ वर्षं माझ्या तोंडची. आपण उभ्या नोकरीत खोट्या मापावर शिक्का मारला नाहीत. एवढ्या एका मापावर मारावा, ही हात जोडून विनंती. आणि आपल्या कन्येला यातलं अक्षरही कळू देऊ नये. ‘बाबांसारखा’ म्हणाली ते तिने परत घेतलेलं मला चालणार नाही.

ता. क. : बाबा, हे मी लिहितेय. पत्र पोस्टात टाकायला त्याने माझ्याकडेच दिलं, पाकीटही न चिकटवता. धाकटी तिसऱ्या दिवशी गेली नाही, दुसऱ्याच दिवशी गेली. उष्ट्या भांड्यांशेजारी बरणी होती, मी न बघता घासायला घेतली. तुमच्याशीच तर फोनवर बोलत होते. तुम्ही विचारलंत धाकटी कशी आहे, तेव्हा ती माझ्या हातात होती, निम्मी धुतलेली. मी ‘मजेत’ म्हणाले. मग घाबरून मैद्याची खळ शिजवून बरणीत भरली, आणि संध्याकाळी तो तिला काट्यावर मोजून भरवताना बघत बसले. त्याला हे सांगू नका. अपराधी वाटतं म्हणून आठवड्यातून दोनदा पाव करतो, आणि खरं सांगू, तुमच्यापेक्षा चांगला करतो.