‘ले’चा ‘ला’

रविवार, ४ जानेवारी २००९. अमरावती.
नववर्षाचा संकल्प तीन दिवस उशिरा लिहीत आहे, कारण मसुदा तीनदा बदलावा लागला. अंतिम पाठ: आमच्या मराठी विभागाच्या पाचही छोट्या लॅपटॉपवरची चोरीची विंडोज काढून टाकणे व तेथे लिनक्स बसवणे. संपूर्ण, शुद्ध आणि मराठीत. मुदत आठ दिवस.
लॅपटॉप कसले, पाट्याच त्या. सात इंची पडदा, चार जीबी साठवण, एक बोट ठेवले की तीन कळा दाबल्या जातात. अनुदानात तेवढेच बसले. सहकारी त्यांना खेळणी म्हणतात. सहकाऱ्यांपैकी एकालाही ‘प्रणाली’ हा शब्द धड लिहिता येत नाही.
हर्षाला संकल्प वाचून दाखवला. माझी पत्नी अकोल्याची, बोलणेही तिकडचेच. म्हणाली, मशीनले शुद्ध करून राहिले ते ठीक आहे, पण मोरीतला नळ पंधरा दिवसांपासून गळून राहिला. नळ हा माझ्या संशोधनाचा विषय नाही.

मंगळवार, ६ जानेवारी.
आरंभ मिस्बाहच्या लॅपटॉपपासून. मिस्बाह माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. शेंदूरजनाघाटची, वडील इनायतुल्ला संत्र्याचे व्यापारी. विषय: संत्र्याच्या बागांत राबणाऱ्या बायकांची वऱ्हाडी बोली. दोन वर्षांत तिने त्रेचाळीस बायकांना बोलते केले आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे टंकले. त्रेचाळीस फाइली. ध्वनिमुद्रणे शिल्लक नाहीत. चार जीबीत मावत नव्हती, म्हणून टंकून झाले की पुसत जा, असे मीच सांगितले होते. संशोधनाला शिस्त हवी.
२४ तारखेला अकोल्यात शिष्यवृत्तीच्या समितीपुढे तिला हे सारे मांडायचे आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर आणखी दोन वर्षे काम चालेल. न मिळाल्यास बंद. विहिरी आटल्यापासून तिकडे बागाच तोडल्या जात आहेत. वडिलांचा व्यापार निम्म्यावर आला आहे. त्या बायकाही आता दुसऱ्या कामांना लागल्या.
तिला म्हणालो, २४ला तू निर्दोष यंत्र घेऊन उभी राहशील. तिने विचारले, सर, अकोला झाल्यावर केलं तर नाही का जमणार? अशा शंकेखोर वृत्तीने ज्ञान पुढे जात नाही. लॅपटॉप ठेवून घेतला.

शुक्रवार, ९ जानेवारी.
फाइली विभागाच्या संगणकावर उतरवल्या. पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवायला घेतले. पाचव्या पायरीला ‘पुढे’ हे बटण पडद्याच्या खाली गेले. म्हणजे ते आहे, पण दिसत नाही. खिडकी मोठी, पडदा लहान. टॅबची कळ मोजून मोजून दाबली आणि न दिसणाऱ्या बटणावर एंटर मारले. ते ‘मागे’ निघाले. असे सहा वेळा.
नंतर भारनियमन.

रविवार, ११ जानेवारी.
यश. ऑल्ट दाबून खिडकी वर ओढता येते, हे मी स्वतः शोधून काढले. (नंतर मदत-पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तेच आढळले.)
वायफाय चालत नाही. आवाज येत नाही. झाकण मिटले की यंत्र पुन्हा जागे होत नाही. परंतु इंटरनेटने लक्ष विचलित होते, आवाजाचे प्रयोजन नाही, आणि झाकण मिटायचेच कशाला? जोडाक्षरे मात्र काय सुरेख उमटतात!
फाइली परत आत घातल्या. विभागाच्या संगणकावरची प्रत पुसून टाकली. दोन प्रती ठेवणे म्हणजे पहिलीवर अविश्वास दाखवणे.

मंगळवार, १३ जानेवारी.
मिस्बाहच्या प्रबंधाची प्रस्तावना चाळली. सोळाव्या पानावर ‘संशोधकाले’!
बायकांच्या तोंडी ‘मले’, ‘तुले’ येणारच. तोच तर विषय आहे. परंतु प्रस्तावनेत? ‘मला’, ‘तुला’ ही प्रमाण रूपे तिथे नकोत काय? मी स्वतः इकडच्याच तिवशाचा. हा ‘ले’ जिभेवरून घालवायला मला पुण्यात चार वर्षे लागली. ही मुलगी तो टंकून ठेवते.
आणखी सात ठिकाणी सापडला. एकेक दुरुस्त करणे हे कारकुनी काम. लिनक्सचे वैभव असे की एका ओळीच्या आज्ञेत शोधही होतो आणि बदलही. ‘ले’ गेला, ‘ला’ आला. प्रस्तावनेच्या फाइलीचे नाव लांबलचक आणि कळा मुंगीएवढ्या, म्हणून नावाऐवजी चांदणीचे चिन्ह टाकले. एंटर. एक सेकंदही लागला नाही.
आज फार प्रसन्न वाटते आहे.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत.
सकाळी प्रस्तावना उघडली. पहिल्याच ओळीत ‘कॉलाज’. कॉलेज या शब्दातही ‘ले’ असतो, हे ध्यानात आले नव्हते. पुढे ‘लेकरू’चे ‘लाकरू’. ‘आलेले’चे ‘आलाला’. हरकत नाही; बावीस पाने आहेत, हाताने दुरुस्त करीन.
दुपारी १.१० वा. चांदणीचा अर्थ ‘या फोल्डरमधले सर्व काही’ असा होतो.
त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.
हर्षाने विचारले, तोंड काहून उतरलं. तिळगूळ बाधला म्हणालो. आज खोटे बोलायला नको होते, सणाचा दिवस.

गुरुवार, १५ जानेवारी.
उपाय उघड आहे: उलट आज्ञा. ‘ला’चा ‘ले’. या वेळी आधी प्रत काढली. मी चुकांतून शिकतो.
निष्फळ. मुळात जिथे ‘ला’च होता तोही ‘ले’ झाला. संत्री ‘लेल’ झाली. मुखपृष्ठावर: मिस्बाह इनायतुल्ले.
मुलीच्या बापाचे नाव असे पाहून खुर्चीतून उठलो. प्रत पुसली. कोणता ‘ला’ माझा आणि कोणता त्या बायकांचा, हे यंत्राला कळत नाही. खरे तर आता मलाही कळत नाही.

शनिवार, १७ जानेवारी.
संकल्प: आज मिस्बाहला सर्व सांगणे. स्पष्ट, तीन वाक्यांत.
फोन इनायतुल्लांनी उचलला. मिस्बाह बाहेर गेली होती. म्हणाले, सर, पोरगी सांगत होती, तुमी दिवस दिवस तिच्या मशीनवर बसून राहिले. कोण करते दुसऱ्याच्या लेकरासाठी एवढं? तुमचा एहसान हाय.
मी आंबिया बहराच्या संत्र्यांचा भाव विचारला. फोन ठेवला.

सोमवार, १९ जानेवारी.
पत्र लिहावे असे ठरवले. लेखनावर माझा हात बसलेला आहे. चार मसुदे झाले. पहिल्यात ‘माझ्या हातून’ होते. दुसऱ्यात ‘अनवधानाने’. तिसऱ्यात ‘आज्ञेच्या व्यापक अंमलबजावणीमुळे’. चौथा मसुदा वाचताना मलाच वाटले की दोष मिस्बाहचा असावा.
चारही फाडले. लाज वाटते. परंतु तिसऱ्याची वाक्यरचना उत्तम होती.

मंगळवार, २० जानेवारी.
मिस्बाह स्वतःच आली. लॅपटॉप उघडून तिने जैनबबीची फाइल काढली. जैनबबी ही संत्र्याची छाटणी, म्हणजे फळांची निवड, करणारी म्हातारी. विहीर कोरडी पडल्यावर सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बाग कशी तोडली, ते तिने सांगितलेले. मिस्बाह वाचत राहिली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. पाहण्यासारखे काही नव्हते.
तिने पडदा माझ्याकडे वळवला. मूळ वाक्य: ‘सासरे बगीच्यात गेले, झाडाले हात लावला, मंग खाली बसले.’ पडद्यावर: ‘सासरे बगीच्यात गेला, झाडाला हात लावला, मंग खाली बसला.’
नव्या प्रणालीचा काही दोष असावा, असे मी म्हणालो. हे मी म्हणालो. तिने सोळावे पान उघडले. तिथे ‘संशोधकाला’ होते. मग ती सावकाश बोलली.
“सर, जैनबबी चाळीस वर्षांत सासऱ्यांना एकदाही एकेरी बोलल्या नाहीत. तुम्ही एका ओळीत बोलायला लावलं.”
दारापाशी थांबून तिने विचारले, “काहून केलं सर?” माझ्याशी ती नेहमी प्रमाण मराठीत बोलते.

गुरुवार, २२ जानेवारी. शेंदूरजनाघाट.
योजना: दोन दिवसांत जमतील तितक्या बायकांना पुन्हा बोलते करणे. मिस्बाह विचारील, मी टिपून घेईन. यंत्र नको, वही. पहाटेच्या बसने पोहोचलो. शंभर पानी वही, तीन पेने, समास आखलेले.
पहिल्या चार जणींकडे गेलो तर दोघी धारणीकडे मजुरीला गेलेल्या. तिसरी, मैना, म्हणाली की तिला आता ते काही आठवत नाही आणि आठवायचेही नाही.
जैनबबी संत्र्यांच्या ढिगापाशी बसली होती. हाताने फळे निवडणे थांबले नाही. मिस्बाहने समजावून सांगितले. जैनबबी माझ्याकडे पाहून म्हणाली, “मास्तर, मले काय टेप समजले का तुमी? दाबलं का वाजलं?” भोवतीच्या बायका हसल्या. मग म्हणाली की तवा सांगतानी रडू आलं होतं, आता तेच सांगाले गेलो तं हासू येते. तरी सांगितले. भराभर, पाठ केल्यासारखे. सासरे गेले, बसले. बस्स. झाडाला हात लावल्याचे या वेळी आलेच नाही.
मी विचारले, झाडाला हात लावला होता ना त्यांनी? ती म्हणाली, लावला असन.
उठताना तिने विचारले, पयले सांगतलं ते काय केलं? मी म्हणालो, यंत्रात सुरक्षित आहे. मिस्बाह माझी वही बंद करीत होती. ती मान खाली घालून तशीच उभी राहिली.
उद्या संध्याकाळपर्यंत निदान दहा जणी. निश्चित.

शुक्रवार, २३ जानेवारी.
चार.

शनिवार, २४ जानेवारी. अकोला.
मिस्बाहने चारही कथने वहीतून वाचली. सुंदर वाचली. अध्यक्षांनी विचारले, अर्जात त्रेचाळीस म्हटले होते, मग चारच कशा?
मिस्बाहने माझ्याकडे पाहिले नाही. तिने पाहिले असते तर मी बोललो असतो, असे मला वाटते. नाही, तरीही मी उठलो. वाक्य तयार होते. मी म्हणालो, तांत्रिक अडचण आली.
अध्यक्षांनी ते लिहून घेतले. निर्णय: सामग्री अपुरी. अर्ज नामंजूर.
परतीच्या बसमध्ये ती पुढे बायकांच्या बाकावर बसली. मी मूर्तिजापूरपर्यंत खरे वाक्य जुळवत होतो. जुळले तेव्हा ती झोपली होती. किंवा डोळे मिटून होती.

सोमवार, २ फेब्रुवारी.
मिस्बाह अर्ज घेऊन आली: मार्गदर्शक बदलण्याबाबत. दुसऱ्या मॅडमनी होकार दिला आहे. शिष्यवृत्तीशिवायच करणार. सकाळी छाटणीला बसेन, दुपारी बायकांकडे जाईन, म्हणाली. आवाज जराही न चढवता. सही हवी होती. उद्या पाठवतो म्हणालो.
घरी अर्ज वाचला. ‘कारण’ या रकान्यात तिने लिहिले आहे: ‘मार्गदर्शकांची प्रकृति बरी नसते.’
माझी प्रकृती उत्तम आहे. हर्षाला दाखवला. तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, पोरीनं झाकलं तुमाले. मग स्वयंपाकघरात गेली.
मध्यरात्र झाली, झोप नाही. एवढे तरी तिच्या मनासारखे व्हावे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी.
सही केली. ‘प्रकृति’ ऱ्हस्व होते. पेन हातातच होते, म्हणून वेलांटी दीर्घ केली. अर्ज कार्यालयात दिला.
दुपारी तेथला लिपिक मोतीराम अर्ज परत घेऊन आला. म्हणाला, सर, खाडाखोड चालत नाही. नवा अर्ज लागेल, आणि कारणाचा रकाना विद्यार्थ्यानेच माझ्यासमोर भरायचा. मी म्हणालो, मी लिहून देतो. तो म्हणाला, तुमी नका लिहू सर.
मिस्बाहला फोन करावा लागला. शेंदूरजनाघाटहून वरुडमार्गे पुन्हा दोन बस. तिची छाटणीची मजुरी बुडणार. क्षमा मागण्याचा प्रसंग अगदी तोंडाशी आला होता, पण फोनवर ते बरे दिसत नाही. उद्या समोरासमोर मागेन. निश्चित.

बुधवार, ४ फेब्रुवारी.
मिस्बाह पहिल्या बसने आली. मोतीरामच्या टेबलाशी उभ्यानेच नवा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबले. मी जवळ गेलो. क्षमेचे वाक्य तयार होते. ते म्हणण्यापूर्वी मी तिला सांगितले की ‘प्रकृती’ दीर्घ आहे.
तिने मान हलवली आणि लिहिले: ‘मार्गदर्शक ऐकत नाहीत.’
वाक्यात एकही चूक नव्हती. सही केली.