मागच्या जागेवरून

४ जानेवारी, शनिवार

तीन मशीनं पाहिली. तिन्ही घरबसल्या वल्हवायची. पहिल्यात पंखा — दांडा ओढला की घरघर. दुसऱ्यात काचेच्या टाकीत पाणी. तिसऱ्यात लोहचुंबक, आवाज जवळजवळ नाहीच, आणि समोर खिडकीएवढा पडदा. प्रत्येक स्ट्रोकला किती जोर लागला, कुठे चढला, कुठे उतरला, याची रेघ त्यावर उमटते.

विक्रेत्याच्या गळ्यात टाय आणि टायवर चहाचा डाग. त्याला टायवालाच म्हणते.

"मॅडम, वजन उतरवायचंय?"

नाही.

"मग पाठीसाठी?"

हो म्हटलं. खोटं नाही. कुणाच्या पाठीसाठी, ते त्याने विचारलं नाही.

घरी येऊन तक्ता केला. मापनाची अचूकता, आवाज, लांबी, दुरुस्ती — प्रत्येकाला दहापैकी गुण. पाण्याचं मशीन पहिलं आलं. फक्त एक रकाना भरता आला नाही: "दुसऱ्या मशीनशी जोडता येतं का". तिसऱ्याचं येतं. बाकी दोघांचं नाही. पण याला किती गुण द्यायचे? रिकामा ठेवला.

५ जानेवारी, रविवार

रकाना अजून रिकामा. कारण लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय!

कॉलेजात आम्हा दोघींची एक बोट होती. पुढच्या जागेवर ती, मागच्या जागेवर मी. सर काठावरून ओरडायचे — "ए पुढची, खांदे सैल! ए मागची, झोप लागली का?" तीच नावं पडली. पाच वर्षं मी मागची आणि ती पुढची. घरच्यांनी ठेवलेली नावं फक्त हजेरीला.

ताल पुढचीने धरायचा. मागचीने जुळवून घ्यायचं. पुढचीला मागचं काही दिसत नाही आणि तिने बघायचंही नसतं. मागचीला समोर फक्त एक पाठ. त्या पाठीवरून मला सगळं कळायचं — रात्री झोपली नाही, घरी भांडून आली, आज जिंकणार. तिच्या लग्नात ती समोरून चालत आली तेव्हा क्षणभर परकीच वाटली. मग वळून कुणाशी बोलायला लागली आणि मला एकदम हुंदका आला. सगळ्यांना वाटलं, मैत्रीण सासरी चालली म्हणून.

दोन वर्षं झाली. ती दूरच्या शहरात. आधी रोज फोन, मग आठवड्याला, मग वाढदिवसाला. कुणाची चूक नाही.

आणि मागच्या आठवड्यात अचानक फोन — "मागचे! मी ते मोठ्या पडद्याचं मशीन घेतलंय. बेडरूममध्ये, खिडकीपाशी ठेवलंय. तूही घे ना. दोन्ही मशीनं जोडली की एकच बोट होते म्हणे. कानात एकमेकींचा आवाजसुद्धा येतो."

म्हटलं, बघते. आधी तुलना करायला हवी.

"कर बाई, कर! तू नवरासुद्धा तक्ता मांडूनच निवडशील."

हसली. मग तिने विचारलं, जेवलीस का.

हे तिने मला कधीच विचारलं नव्हतं. एकाच डब्यातून जेवायचो, विचारणार काय?

६ जानेवारी, सोमवार

खोली मोजली. मशीन दोन मीटर चाळीस. कपाट आणि भिंतीच्या मधली जागा दोन मीटर बत्तीस. कपाट हलवावं लागेल.

आई दारात उभी. "आता घरात होडी? उद्या म्हणशील, तळं खणा."

दादा म्हणाला, "घेऊ दे गं तिला. ओले टॉवेल वाळत घालायला एक नंबर वस्तू आहे."

त्याला म्हटलं, कपाट हलवायला लागशील का? लागला. हलवताना पायाच्या बोटावर आदळलं. त्याच्या. "हे तिला सांग," तो कळवळत म्हणाला, "तुझ्या पुढचीला. म्हणावं, माझ्या भावाने रक्त सांडलंय."

आई मात्र हसली नाही. दादा गेल्यावर म्हणाली, "तिचं तिच्या संसारात छान चाललंय ना? मग तू का तिच्या मागे मागे?"

माझी जागाच ती आहे, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

९ जानेवारी, गुरुवार

दुकानात तीन शनिवार मशीन वापरून बघता येतं, मग काय ते ठरवायचं. तिला कळवलं. तिचं लगेच उत्तर — साडेअकरा चालेल, तेव्हा हे घरी नसतात.

दोन दिवस आहेत अजून.

११ जानेवारी, शनिवार

टायवाल्याने पायांचे पट्टे बांधून दिले. मी सोडून परत बांधले. कानात यंत्र घातलं. पडद्यावर दोन रेघा — निळी माझी, तांबडी तिची. वर हिरवा दिवा. ती आली होती.

"तयार?"

तोच आवाज. तोच अर्धवट श्वास, सुरुवात करण्याआधीचा.

मिनिटाला चोवीस स्ट्रोक. आमचा लांब पल्ल्याचा नेहमीचा वेग. पहिल्या चार-पाच स्ट्रोकमध्ये मी धडपडले आणि मग — काय सांगू! कानात तिच्या बैठकीचं सरकणं, दांडा परत जाताना सोडलेला श्वास. डोळे मिटले. पाठ दिसली. मानेवरचा केसांचा बुचका, डाव्या खांद्याची थोडी घाई. सगळं जागच्या जागी.

डोळे उघडले तर वेग बावीस. थोड्या वेळाने एकवीस. वीस मिनिटं संपली तेव्हा एकोणीस. दोघींपैकी कुणीच दमलेलं नव्हतं.

"नेटचा प्रॉब्लेम असणार," टायवाला म्हणाला. त्याचं सगळ्याला हेच उत्तर असावं.

ती म्हणाली, "मस्त झालं गं. पुढच्या शनिवारी?" घाईत होती. हिरवा दिवा गेला.

दुकानातून निघाले. पायऱ्यांवरच बसून राहिले.

१२ जानेवारी, रविवार

वेग का पडला? झोप लागत नाही म्हटल्यावर कागद घेतला.

तिचा आवाज माझ्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. माझा तिच्यापर्यंत जायला तेवढाच. आता — मी मागची, मी तिला धरून वल्हवते. मला ती उशिरा ऐकू येते, म्हणून मी उशिरा ओढते. ठीक. पण ती जर पूर्वीसारखी स्वतःच्या तालात असेल, तर तिचे चोवीस चोवीसच राहतील. मी फक्त किंचित मागे पडेन. वेग पडायचं कारण नाही.

वेग एकाच परिस्थितीत पडतो. मी तिच्यासाठी थांबते आणि तीही माझ्यासाठी थांबते. तिला मी उशिरा ऐकू येते, तिला वाटतं मागची मागे पडली, ती जरा थांबते. ते मला उशिरा कळतं, मी आणखी थांबते. असं करत करत एकोणीस.

पुढची थांबत होती. जिला सरांनी पाच वर्षं बजावलं — मागचीचा विचार करायचा नाही — ती कान देऊन माझी वाट बघत होती.

तीन वेळा तपासलं. दुसरं उत्तर येत नाही.

आनंदाने झोप उडाली. हे वाक्य मी लिहिलंय हे मलाच खरं वाटत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

दुसरं उत्तर आहे. ती दमली असेल. दोन वर्षांत सवय गेली, पण सांगायला लाजत असेल.

दाबमापकं खरं बोलतात की खोटं, हे तपासणं माझं रोजचं काम. प्रयोगशाळेत एका वाचनावर मी कधी सही करत नाही. मग इथेच का करावी? साधी चाचणी आहे. या शनिवारी मी तिला ऐकायचंच नाही. स्वतःची चोवीसची लय धरून बसायचं. ती दमलेली असेल तर तिचा वेग पडेल. दमलेली नसेल तर टिकेल. म्हणजे पहिल्या वेळी थांबणं हेच कारण.

एक चाचणी. मग खात्री.

१८ जानेवारी, शनिवार

चाचणी केली. कानातल्या यंत्राचा आवाज बंद. पडद्याकडे बघितलं नाही. घड्याळाच्या टिकटिकीवर चोवीस.

वीस मिनिटांनंतर बघितलं. दोन्ही रेघा चोवीसवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सिद्ध! दमली नव्हती. माझ्यासाठीच थांबली होती. इतका आनंद झाला की आवाज सुरू करायचंच विसरले. सुरू केला तेव्हा ती बोलत होती.

"…ऐकू येतंय का? मागचे?"

येतंय, येतंय. आज छान झालं ना?

ती म्हणाली, "आज तू नव्हतीस."

होते की! पूर्ण वीस मिनिटं.

"मशीनवर होतीस गं. मागे नव्हतीस."

मी म्हटलं — काय म्हटलं मी! — म्हटलं, वेग बघ ना, एकसारखा चोवीस.

"हो. दिसला आकडा."

हिरवा दिवा गेला.

१९ जानेवारी, रविवार

तिला कळलं. वीस मिनिटं ती कान लावून होती आणि मी तिचा आवाज बंद करून तिचं माप घेत होते.

मापक जोडलं की ज्याचं मापन करायचं त्याच्यावरही थोडा भार येतोच. पहिल्या वर्षी शिकवतात हे.

२० जानेवारी, सोमवार

फोन केला नाही. तिने करावा असं वाटतं. का करावा, माहीत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

निरोप लिहिला: "त्या दिवशी मी आवाज बंद ठेवला होता, कारण". कारणच्या पुढे जमलं नाही. पुसला.

२३ जानेवारी, गुरुवार

आई म्हणाली, "कपाट परत जागेवर ढकलू का? येता-जाता कोपर लागतं."

राहू दे म्हटलं.

ती माझ्या पलंगावर बसली. बसत नाही सहसा. म्हणाली, "भांडलात?"

नाही.

"भांडायचं तरी मग. तुम्ही दोघी कधी भांडलात का? ती पुढे बघणार, तू तिची पाठ बघणार. तोंडाला तोंड आलं कधी तुमचं?"

आई कधी बोटीत बसलेली नाही. पाण्याला घाबरते.

२५ जानेवारी, शनिवार

तिसरा शनिवार. येणार का, ते तिने कळवलं नाही. मीही नाही. साडेअकराला कपाट आणि भिंतीच्या मधल्या जागेत उभी होते. दादा दारातून म्हणाला, "काय गं, मशीन आल्याची रंगीत तालीम?" मग माझं तोंड बघून गुपचूप गेला. चहा आणून ठेवला.

ती येणार नव्हतीच. हिरवा दिवा नसलेला पडदा बघायला कशाला जायचं?

पाऊण वाजता चहा प्यायले. गार.

२६ जानेवारी, रविवार

तक्ता पुरा केला. रिकाम्या रकान्यात शून्य लिहिलं — तिघांनाही. पाण्याचं मशीन घेणार. पडदा नाही, रेघा नाहीत, कुणाशी जोडता येत नाही. टाकीतलं पाणी मात्र खरं आहे. डोळे मिटले तर निदान तेवढं ऐकू येईल.

तिला सांगायला नको. तिचं मशीन तिच्या खिडकीपाशी, माझं माझ्या कपाटापाशी. माणसं असंच करतात, आणि बरी राहतात.

२८ जानेवारी, मंगळवार

कामावरून परस्पर दुकानात गेले. पाण्याचं पक्कं करा म्हटलं. टायवाला गोंधळला. "मग तिकडच्या मॅडमना काय कळवायचं?"

कुठल्या मॅडम?

"तुमच्या मैत्रीण हो! आमच्या तिकडच्या दुकानात येतात ना, दर शनिवारी, तुमच्यासारख्याच — वापरून बघायला. तुम्ही घेतलंत तरच घेणार म्हणाल्यात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. या शनिवारीही पट्टे बांधून तासभर बसून होत्या म्हणे. वल्हवलं नाही काही."

म्हणजे तिने मशीन घेतलेलंच नाही.

पाण्याचं राहू द्या म्हटलं. पडद्याचंही. तिकडच्या दुकानाचा पत्ता घेतला. मग त्यालाच तिकडे फोन लावायला सांगितला — शनिवारी साडेअकराला दोन मशीनं मांडायला जागा होईल का? शेजारी शेजारी नको. एकामागे एक.

होईल म्हणाले.