तबकड्या खाली नेऊ नयेत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त टंकलेखिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायला दोघे जण येऊन गेले. त्यांना चहा दिला आणि जिन्यापर्यंत सोडले. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला शंभरापासून उलटे आकडे म्हणायला सांगितले. मी म्हटले, आधी तुम्ही म्हणून दाखवा. ते लवकरच अडखळले आणि त्यांनी दाखला लिहून दिला.

यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या प्रत्येकात माझ्या धाकट्या जावेला काहीही मिळू नये अशी पक्की व्यवस्था मी केली होती. ती का बदलली, ते पाचव्या कलमात येईल.

वकीलसाहेबांच्या कचेरीत मी नोकरीची सगळी वर्षे दुसऱ्यांची मृत्युपत्रे टाइप केली. भांडणे घरावरून होतात असे लोकांना वाटते. ती ‘इतर किरकोळ वस्तू’ या शब्दांवरून होतात. म्हणून ते शब्द या कागदात पुन्हा येणार नाहीत. कच्चा मसुदा वाचून वकीलसाहेब म्हणाले, “बाई, मृत्युपत्रात कारणं द्यायची नसतात.” मी म्हटले, “तुमच्या अशिलांनी कारणं दिली नाहीत, म्हणून तर तुमचं घर चाललं.” यावर त्यांनी चष्मा पुसला. आता कारणांसह लिहिते.

कलम १. घर. आमचे घर दुमजली आहे. खालचा मजला माझ्या कैलासवासी धाकट्या दिरांचा होता, आता तो त्यांच्या पत्नीचा, म्हणजे माझ्या जावेचा आहे. वरचा मजला माझ्या यजमानांचा होता आणि त्यांच्यानंतर माझा आहे. मला मूलबाळ नाही. वरचा मजला मी माझ्या पुतण्याला, म्हणजे जावेच्या एकुलत्या एका मुलाला, देत आहे. तो मनाने चांगला आहे. डोक्यावरचे केस गेले तरी काही मागायचे असले की अजून दारात उभा राहून चौकट कुरतडतो. मजला त्याला कलम सहाच्या अटीवर मिळेल. अट न वाचता त्याने रंगाऱ्याला बोलावू नये. समोरच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची आहे. ती उखडून फरशी बसवण्याचा त्याचा विचार मला माहीत आहे. जावेच्या हयातीत त्या फळ्यांना हात लावू नये.

कलम २. बँकेतील ठेव. ही जावेच्या नावे करावी. तिच्या गुडघ्यांमुळे तिला दिवसभर सोबतीला बाई लागते, तिचा पगार यातून द्यावा. जाऊ “नको” म्हणेल. “नको” हा तिचा पहिला शब्द असतो, शेवटचा नसतो.

कलम ३. वस्तू. (अ) भिंतीवरचे घड्याळ कचेरीला परत करावे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ते मला दिले. आता वेळेवर कुठेही पोचायचे नाही अशा बाईला घड्याळ देण्यात काय अर्थ होता, हे त्यांनी आजवर सांगितलेले नाही. मी टाइपरायटर मागितला होता.

(आ) यजमानांची आरामखुर्ची खिडकीजवळ आहे तिथेच ठेवावी. ग्रामोफोनवर लावलेल्या माझ्या प्रत्येक तबकडीला ते या खुर्चीत झोपले आणि तबकडी संपली की जागे होऊन “वा” म्हणाले. मी कधी तोंडावर पाणी मारले नाही, कारण तो “वा” मनापासून असे. स्वप्नात त्यांनी काहीतरी चांगले ऐकलेले असावे.

(इ) संगीत मंडळाच्या अध्यक्षांना लाल रंगाचा एक डबा द्यावा. त्याबद्दल पाचव्या कलमात लिहिले आहे. हे गृहस्थ माझ्याच घरी, माझ्याच कपाटासमोर उभे राहून मला म्हणाले, “तुमच्या मिस्टरांचा संग्रह फार मोलाचा आहे हो.” माझ्या मिस्टरांना ट्रम्पेट आणि शिट्टी यांतला फरक जन्मभर कळला नाही. डबा अध्यक्षांना शोभेल.

कलम ४. तबकड्या. माझ्या समोरच्या खोलीतील कपाटात एका ट्रम्पेटवादकाच्या आणि त्याच्या बँडच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या आहेत. मी त्याला मास्तर म्हणते. पुढे मास्तर फार मोठे झाले, चांगले कोट घालू लागले आणि फोटोत हसू लागले. त्यानंतरची एकही तबकडी माझ्याकडे नाही आणि मला नको. जे मला आवडते ते त्यांनी कोणी ओळखत नसताना वाजवले.

यातली पहिली तबकडी मला शाळेत संगीत शिकवणाऱ्या सिस्टरांनी दिली. वसतिगृहातल्या एका मुलीच्या पेटीतून त्यांनी ती जप्त केली होती. बदली होऊन जाताना ती माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “ही प्रार्थनेच्या खोलीत चालणार नाही. पण पाठ ताठ ठेवून ऐकलीस तर पाप लागणार नाही.” जप्त केलेली तबकडी इतकी झिजली कशी, हे मी विचारले नाही. बाकीच्या मी स्वतः जमवल्या. काही लिलावाच्या दुकानांतून, काही बंद पडलेल्या क्लबांतून, एक चक्क न्हाव्याच्या दुकानातून, जिथे ती फुलदाणीखाली ठेवलेली होती. सगळ्या माझ्या पगारातून. अध्यक्षांनी नोंद घ्यावी.

त्या काळी ध्वनिमुद्रण मायक्रोफोनविना होत असे. सगळा बँड एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून वाजवी. मास्तरांचा दम इतका, की ते जवळ उभे राहिले की बाकी कोणी ऐकूच येत नसे. म्हणून त्यांना सगळ्यांच्या मागे, खोलीच्या दाराशी उभे करत. ज्याचा बँड, तोच दाराशी. तरुणपणी मला याचा फार संताप येई. आता वाटते, त्या माणसाला ऐकायचे तर मधे थोडी जागा लागतेच.

कलम ५. माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन ती खालच्या मजल्यावर आली आणि तिने तिथे शिवणयंत्र मांडले. संध्याकाळी मी कचेरीतून येऊन ग्रामोफोनला चावी देत असे. एखादी तबकडी संपली की खालून छताला काठीचा ठोका येई. थांबून आणखी एक. माझ्या पायांखालची फळी हादरे. मी समजले की बाईसाहेबांना त्रास होतो. मी कचेरीत दिवसभर दुसऱ्यांची भांडणे टाइप करून आलेली. मी तीच बाजू पुन्हा लावत असे, आणि कर्ण्याचे तोंड जमिनीकडे वळवत असे. आमच्यात या विषयावर एक शब्दही झाला नाही. जिन्यात भेटलो की पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचो. असे आमचे केस पांढरे झाले.

मागच्या वर्षी त्याच जिन्यात पडून माझे मनगट मोडले. चावी फिरवता येईना, ग्रामोफोन बंद राहिला. एका दुपारी जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. कठडा धरून, प्रत्येक पायरीला थांबत, जाऊ वर आली. कित्येक वर्षांत ती वर आली नव्हती. दारात टेकून म्हणाली, “जाऊबाई, माझं काही चुकलं का?”

“लग्न होऊन आल्यापासून चुकतंच आहे. नेमकं कशाबद्दल विचारतेस?”

“वाजवणं बंद केलंत. मी ठोकते, तरी लावत नाही.”

मी हाताचे प्लॅस्टर दाखवले. “चावी काय दातांनी फिरवू? आणि तुला तर बरं वाटायला हवं. छताला काठ्या मारून बंद कर, बंद कर म्हणत होतीस ना जन्मभर?”

“बंद?” ती म्हणाली. “अहो, पुन्हा लावा म्हणून ठोकत होते. आणि तुम्ही लावत होतात की. दर वेळी. उलट जरा मोठ्यानं.”

मी ग्रामोफोनकडे पाहिले. कर्ण्याचे तोंड अजून जमिनीकडेच होते.

“मी सगळ्यांना सांगायचे,” ती म्हणाली, “आमच्या जाऊबाई तोंडानं फटकळ आहेत, पण मन बघा. एका ठोक्यात लावतात.”

मी तिला खरे काय ते सांगितले. ती उंबऱ्यावर बसली आणि इतकी हसली, की खालून पुतण्या पळत आला. त्याला वाटले आईला चक्कर आली. माझा इतक्या वर्षांचा सूड तिने लाड म्हणून घेतला. याचा मला अजून राग आहे. तो मी कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबर येईल.

मग तिने माझ्याऐवजी चावी फिरवली आणि म्हणाली, “तो मधेच घुसतो ना, ते लावा.”

ती कोणती तबकडी, हे मला लगेच कळले. त्या तबकडीत पियानो एकटा वाजत असतो आणि मास्तर आपली पाळी यायच्या आधीच शिरतात. चूकच आहे. क्षणभर बाकीचे गडबडतात, मग आपापली जागा सोडून सगळा बँड त्यांच्या मागे धावतो. कंपनीने ती तशीच बाजारात आणली. जावेला ट्रम्पेट कसा दिसतो हेही माहीत नव्हते; पण शिवणयंत्रावरचा पाय त्या जागी ती दर वेळी थांबवत असे, म्हणाली. “पुढे घुसतो, आणि बाकीचे बिचारे त्याला एकटा पडू देत नाहीत.”

ती तबकडी तिने वर बसून ऐकली. यजमानांच्या खुर्चीत, अदबीने. संपल्यावर म्हणाली, “छान आहे. पण खालून जास्त बरं वाटतं. इथं फार अंगावर येतो.” मला मास्तर दाराशी उभे दिसले.

यानंतर पुतण्याने माझ्या वाढदिवसाला लाल डबा आणला. आत चकचकीत नव्या तबकड्या आणि फोटोंचे पुस्तक. “काकू, मास्तरांचं सुरुवातीचं सगळं यात आलंय. खरखर पण काढलीय. आता कपाट मोकळं करू. एक व्यापारी आहे ओळखीचा.” व्यापारी ओळखीचा नव्हता, खाली रिक्षात बसलेला होता. मी म्हटले, आधी तुझ्या आईला ऐकव. त्याने खालच्या खोलीत, मास्तर आधीच घुसतात ते गाणे लावले. जावेने संपूर्ण ऐकले आणि म्हणाली, “हा तो नाही.”

“अगं आई, तोच आहे. इथं छापलंय.”

“हा चुकत नाही,” ती म्हणाली.

पुतण्याने पुस्तक उघडून पाहिले. त्या दिवशी बँडने ते गाणे दोनदा वाजवले होते, आणि डबा काढणाऱ्यांनी साफ वाजवलेले निवडले होते. डब्यावर ठळक अक्षरांत ‘संपूर्ण’ असे लिहिले आहे. व्यापाऱ्याला पुतण्यानेच जाऊन परत पाठवले. त्याने ते कुरकुरत केले, पण केले. मजला त्याला देण्याचे तेही एक कारण आहे.

म्हणून कलम चारमधील सर्व तबकड्या, कपाट, ग्रामोफोन आणि सुयांचे डबे मी माझ्या धाकट्या जावेला देत आहे.

कलम ६. अट. तबकड्या जावेच्या मालकीच्या असल्या तरी खाली नेऊ नयेत. त्या वरच्या समोरच्या खोलीतच राहतील. जाऊ हयात आहे तोवर रोज संध्याकाळी पुतण्याने स्वतः वर येऊन त्या वाजवाव्यात. नोकराकडून नाही, फोनवरून नाही. चावी पूर्ण द्यावी, प्रत्येक बाजूला नवी सुई घ्यावी, कर्ण्याचे तोंड जमिनीकडे वळवावे. बाजू संपल्यावर खुर्चीत बसून थोडे थांबावे. ठोका आला तर तीच बाजू पुन्हा लावावी. कितीही वेळा. ठोका आला नाही तर दुसरी लावावी. दुसरीलाही आला नाही, तर ग्रामोफोन थांबवून खाली जाऊन बघावे.

ही अट मोडल्यास वरचा मजला माझी शाळा चालवणाऱ्या सिस्टरांच्या संस्थेला जाईल. त्या अगदी वेळेवर येतील.

जावेच्या पश्चात तबकड्या पुतण्याच्या होतील. तेव्हा त्याला तो व्यापारी पुन्हा आठवला तर माझी हरकत नाही. पण तोवर त्याला सवय लागलेली असेल असा माझा अंदाज आहे, आणि माणसांबद्दलचे माझे अंदाज एकदाच चुकले आहेत.

वरील सहा कलमे मला मान्य असून त्यांतला एकही शब्द दुसऱ्या कोणाचा नाही. ज्याला जे मिळाले त्याने ते घ्यावे, ज्याला नाही मिळाले त्याने कारण वाचावे.

स्थळ: वरच्या मजल्यावरील समोरची खोली
दिनांक: १४ मार्च २०१९

सही (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार: (१) घरचे डॉक्टर. (२) कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. जाऊही साक्षीला तयार होती. जिला मिळायचे तिने साक्ष द्यायची नसते, हे समजावून तिला खाली बसवले आहे.

सह्यांपूर्वीची नोंद: दोन्ही साक्षीदारांसमोर मी हे मृत्युपत्र मोठ्याने वाचून दाखवले. पाचवे कलम संपताच खालून काठीचा ठोका आला. ते कलम पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचण्यात आले. साक्षीदारांची हरकत नव्हती.