फॉर्मालिनमधल्या गांधीलमाश्या

काष्टी, शनिवार, १६ नोव्हेंबर १९९६

पुण्याच्या संशोधक बाईंचा फोन आला. लाकडातल्या अळीवर अंडी घालणाऱ्या मी पकडून पाठवलेल्या गांधीलमाश्या कोणत्या कुळातल्या, हे डीएनएवरून ठरणार होतं.

"दादा, फॉर्मालिननं डीएनए खराब झालाय. स्पिरिटमध्ये हव्या होत्या. ताज्या मिळतील?"

फॉर्मालिन! टिकाव्यात म्हणून मीच हौसेनं घातलं. कुणाला विचारलं का नाही?

ही म्हणाली, "दारूत ठेवायच्या हुत्या व्हय? माझ्या भावाला सांगायचं की!" हसलो, पण ताट तसंच ठेवून उठलो.

ताज्या कुठल्या? ज्या बाभूळबनाच्या लाकडात त्या सापडल्या, ते माझ्याच वखारीत कधीच चिरून झालं. आतून अळीची करकर येते का, म्हणून वखारीतल्या एकेका ओंडक्याला कान लावला. सगळं लाकूड निरोगी. वखारवाला असून आज मला त्याचं रडू आलं.