मावशी, काका आणि फुकटचं पाणी

ता. ६ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन मुद्दामच केला नाही. आमच्या दोन खोल्यांत एकीत शिंकलं की दुसरीतून 'औषध घे' म्हणून आवाज येतो, आणि ही गोष्ट तुझ्या काकांच्या कानावर जायला नको आहे.

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात अधीक्षकाची जागा रिकामी झाली आहे. खात्याची परीक्षा घेऊन भरणार. मी अर्ज केलाय. आजवर ही जागा कायम मीटर विभागाकडे गेली. आम्ही तक्रार विभागातल्या बायका म्हणजे लोकांची बोलणी खायलाच बसलेल्या, असा तिथल्या मंडळींचा समज. तुझे काका त्याच विभागातले, तेव्हा घरातही तेच वारं. नियम, पत्रव्यवहार, सगळं मला जमतं. घोडं अडलंय ते गणितात, त्यातही मिश्रणाच्या. दोन भावांचा चहा एकत्र करून तिसऱ्याच भावाला विकायचा म्हणे! तू क्लासमध्ये हेच शिकवतेस ना? मग मला शिकव. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर धाड. पाकिटावर 'तक्रार' असं लिही, म्हणजे माझ्याखेरीज कोणी हात लावणार नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी मावशी


ता. ८ जानेवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मावशीच्या नकळत लिहितोय, तेव्हा पत्र वाचलंस की फाडून टाक. आमच्याकडे अधीक्षकपदासाठी परीक्षा आहे. विभागातल्यांनी भरीस घातलं आणि मी नाव दिलं. हिला सांगायची सोय नाही. एकदा पडद्याचं माप चुकलं माझं. तो पडदा आजही खिडकीच्या अर्ध्यावर लोंबतोय आणि कोणी पाहुणा आला की ही त्याला तो दाखवते. पास झालो तर एकदम सांगेन आणि तिचा चेहरा बघेन. नापास झालो तर काही घडलंच नाही.

मिश्रणाची गणितं सोडली तर बाकी बरं चाललंय. उत्तर आमच्या खालच्या शिंप्याच्या पत्त्यावर पाठव. माणूस गप्प आहे, तोंडात कायम टाचण्या असतात. अभ्यासही त्याच्याच दुकानात करतो.

तब्येत सांभाळ, आम्हाला विसरू नकोस.

तुझे काका


ता. १५ जानेवारी

ति. मावशीस,
सा. न.

तुझी 'तक्रार' पोचली. चहा अगदी सोपा आहे. एक साठ रुपये किलो, दुसरा नव्वद, आणि मिश्रण हवं सत्तरचं. सत्तर मधोमध लिही. आता तिरकी वजाबाकी कर. नव्वदातून सत्तर गेले, वीस. ते साठवाल्याच्या नावे मांड. सत्तरातून साठ गेले, दहा; ते नव्वदवाल्याच्या नावे. म्हणजे स्वस्त चहा दोन भाग, महाग एक भाग. सत्तर हे साठाच्या जास्त जवळ, म्हणून साठवाल्याचा वाटा मोठा. एवढंच आहे त्यात. सोबत पुस्तक पाठवते, त्यातलं गवळ्याचं गणित आपलं आपण सोडव.

एक सांगायचं राहिलं. माझा आणखी एक विद्यार्थी पत्रानेच शिकतो. वयाने मोठा आहे, पण भारी चलाख. त्यालाही हेच गणित धाडलंय. बघू कोण आधी सोडवतं! काकांना यातलं अक्षर कळणार नाही, निश्चिंत राहा. (त्यांना माझा नमस्कारही सांगू नकोस.)

तुझी लाडकी, निदान आजवर तरी,
खारू


ता. २४ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझा तो गवळी! साठ रुपये लिटरने दूध घेतो, पाणी घालतो, साठलाच विकतो आणि पंचवीस टक्के नफा खिशात घालतो. पुस्तकवाल्याला त्याचं काहीच नाही, वर मलाच विचारतो, पाणी किती घातलं! आणि पाण्याचा भाव म्हणे शून्य धरायचा. शून्य? आमच्या खिडकीशी एक दिवस येऊन बस म्हणावं त्याला. रागाने पुस्तक मिटलं, पण मग उघडलं. चार भाग दुधाला एक भाग पाणी. बरोबर ना? उत्तराखाली मी एक ओळ जादा लिहिली आहे, की सदर इसमास नोटीस द्यावी.

तुझ्या त्या चलाख विद्यार्थ्याने माझ्या आधी सोडवलं असेल तर लपवू नकोस. मला तो आगाऊ वाटतो.

घरची एक काळजी आहे. तुझे काका रोज संध्याकाळी फिरायला म्हणून जातात. परततात ते बोटांना शाई, चपलांना धूळ नाही. विचारलं तर म्हणाले, पेन गळतंय. फिरायला पेन कशाला लागतं? तुला काही बोलले का?

माझं वेड मनावर घेऊ नकोस, पण पत्र लवकर पाठव.

मावशी


ता. ९ फेब्रुवारी

चि. खारूस,
आशीर्वाद.

गवळ्याचं गणित सुटलं. गडी हुशार आहे, मीटर विभागात शोभेल. तू मग धाडलेल्या घागरीच्या गणिताचं उत्तर अठ्ठावीस आलंय. तुझ्या त्या दुसऱ्या विद्यार्थिनीचं किती आलं? दर पत्रात तिचं कौतुक वाचून माझं डोकं उठलंय. कोण ही बया?

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. तुझी मावशी बोलता बोलता गप्प होते आणि नुसतेच ओठ हलवते. परवा मी खोलीत गेलो तर घाईने काहीतरी उशीखाली सरकवलं. चहा एक दिवस कडू जहर, दुसऱ्या दिवशी पाणचट. मी सहज म्हणालो, दोन्ही एकत्र केले असते तर बरा झाला असता. तर अशी बघायला लागली, जशी मी तिची चोरीच पकडली. खारू, माझ्यावर रागावली असेल का ती? ही खुर्चीबिर्ची सगळं नंतरचं. हिचं मन दुखावून मला काही नको. तू म्हणालीस तर परीक्षा सोडून देतो.

काळजीत असलेला,
काका


ता. १६ फेब्रुवारी

ति. काकांस,
सा. न.

परीक्षा सोडायची नाही. मावशी तुमच्यावर रागावलेली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मला कसं ठाऊक ते विचारू नका. तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग बराच वेळ हसू आलं नाही.

आता घागर. चाळीस लिटर दूध, चार लिटर काढायचं, तेवढंच पाणी घालायचं, असं तीनदा. तुम्ही सरळ बारा वजा केलेत. पण दुसऱ्या वेळी काढता ते निव्वळ दूध कुठे असतं? त्यात आधी घातलेलं पाणीही येतं. दर वेळी उरलेल्या दुधाचा दहावा भाग जातो. चाळीसचे छत्तीस, छत्तीसचे ३२.४, त्याचे २९.१६. त्या 'बयेचं' उत्तरही आधी अठ्ठावीसच आलं होतं, तेव्हा खट्टू होऊ नका.

तुमची शिकवणीवाली,
खारू


ता. २० मार्च

चि. (अजून तरी) खारूस,
आशीर्वाद नंतर, आधी जाब दे.

एका शाळेच्या वर्गात परीक्षा होती. बसायची जागा आडनावाप्रमाणे. मी बाकावर बसले, शेजारी कोणी आलं म्हणून वर पाहिलं, तर हे! यांच्या हातून फुटपट्टी खाली पडली. मी म्हणाले, अच्छा, फिरायला इथे येता होय! ते म्हणाले, उशीखाली हे होतं होय! पर्यवेक्षकांनी दोघांना दटावलं आणि एकमेकांना ओळखता का म्हणून विचारलं. आम्ही दोघांनीही नाही म्हणून सांगितलं.

घागर आली होती. ती सोडवताना या माणसाने पेपरावर आडवा हात धरला, मला दिसू नये म्हणून! बायको आहे मी त्यांची. बसथांब्यावर दोघंही रांगेत उभे. मग यांनी हळूच विचारलं, किती आलं. मी म्हणाले, एकोणतीस पूर्णांक सोळा. यांचंही तेच. मग जे हसू सुटलं, की रांगेतले लोक वळून बघायला लागले.

घरी येऊन तुझी पत्रं शेजारी शेजारी मांडली. लबाडे, मजकूरही एकच! तुझा तो आगाऊ विद्यार्थी आत्ता माझ्यासमोर बसून जेवतोय आणि 'बया' म्हणून हाक मारतोय. सुट्टीत इकडे ये, शिक्षा आम्ही दोघं मिळून ठरवतोय.

मावशी


ता. १८ एप्रिल

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

निकाल लागला. मावशी पहिली, मी तिसरा. वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. तो दिवस मी मान खाली घालून मीटरचे आकडे तपासण्यात काढला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आमच्यातला एक जण म्हणाला, पेपर सोपा असेल, नाहीतर तक्रार विभागाला कसा जमला! माझं डोकंच फिरलं. खिशातला पेपर काढून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, कुठलंही एक सोडवून दाखव. त्याला एकदम काम आठवलं. बाकीचेही चहा अर्धा टाकून उठले. तेव्हा कुठे मला बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं, की आपल्याला अभिमान वाटतोय.

आता नियम असा, की नवऱ्याला बायकोच्या हाताखाली काम करता येत नाही. मी पंपघरात बदली मागितली. अर्ज नव्या अधीक्षकांकडे गेला. बाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि कारण विचारलं. मी वैयक्तिक म्हणालो. त्यांनी विचारलं, तिकडे जेवण वेळेवर कराल का. मी हो म्हणालो. तेव्हा सही केली.

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा अर्ज दिल्या दिवशी मंजूर झाला, तो हा पहिलाच.

आम्हा दोघांवर जीव लावून राहा.

तुझे काका